डॉक्टर ऑटोपाशी येतात, पण जखम दिसत नाही

ताई, नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. कापसाची गाडी भरताना आमचे मालक वरून पडले आणि पाठीचा मणका गेला. कमरेखाली त्यांना काहीच कळत नाही. लघवीची नळी आहे. व्हीलचेअर मिळाली, पण आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला समोर तीन पायऱ्या आहेत. मागून उतार आहे, पण तो इतका खडा की खुर्ची उलटी घसरते, आणि वर जाळीच्या गेटला कुलूप असते. एकदा शिपाई म्हणाला, "दोन पोट्टे लावा अन् आना उचलून." उचलताना नळीला हिसका बसला, लघवीतून रक्त आले. तेव्हापासून डॉक्टरसाहेब स्वतः बाहेर येऊन त्यांना ऑटोतच पाहतात. माणूस फार चांगला आहे. पण मालकांच्या बसायच्या जागी जखम झाली आहे, ती ऑटोत चारचौघांसमोर कशी दाखवायची? आता ते म्हणतात, मी येतच नाही, माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा. तक्रार करावी तर डॉक्टरांनाच लागेल, आणि उद्या काम त्यांच्याशीच आहे. मी काय करू?

— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

ताई, नमस्कार.

इमारतीच्या कामाला वेळ लागणार आहे आणि जखमेला तेवढा वेळ नाही. म्हणून आधी जखमेचं बोलते.

कमरेखाली संवेदना नसली की एकाच जागी वजन पडत राहतं, तिथल्या कातडीला रक्त पोचत नाही, आणि दुखत नसल्यामुळे माणसाला काही कळत नाही. वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत हाडापर्यंत गेलेली असू शकते. ती तपासायची तर माणसाला कुशीवर झोपवावं लागतं. जखम किती खोल आहे, कडा कशा आहेत, पू आहे का, वास येतो का, हे सगळं पाहावं लागतं. भाऊ, म्हणजे तुमचे यजमान, जखमेवरच बसलेले असताना डॉक्टरांना ऑटोत यातलं काय दिसणार? ते बाहेर येतात हा त्यांचा चांगुलपणा, त्याबद्दल शंका नाही. पण तपासणी अजून झालेलीच नाही, हे मनाशी पक्कं करा.

आजच आशाताईंना सांगा आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईंना किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना घरी बोलवा. घरी खाटेवर, दार लावून, जखम नीट पाहता येते. त्यांनी पाहिलं की डॉक्टरांना फोनवर सांगता येईल आणि पुढचं ठरेल. तोवर भाऊंना जखमेच्या बाजूवर बसू देऊ नका. झोपताना दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. जखम भरल्यावर खुर्चीत बसतील तेव्हा दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायची सवय लावायची. मधे भोक असलेली हवेची गादी लोक आणून देतात, ती नको. तिच्या कडांनी उलट रक्त अडतं. लाल झालेली जागा चोळायची नाही. हळद, चुना, झाडपाला काही लावायचं नाही. ताप आला, घाण वास सुटला किंवा जखम काळी पडली, तर कुणाची वाट न पाहता 108 ला फोन करून मोठ्या दवाखान्यात न्या.

आणखी एक, आपल्याकडच्या उन्हाचं. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो. खुर्चीचं लोखंड तापलं तर भाऊंच्या मांडीला, पोटरीला ते कळणार नाही, पण कातडी भाजेल. मणक्याला मार लागलेल्या माणसाला कमरेखाली घामही नीट येत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता लवकर चढते. ऑटो दवाखान्यासमोर उन्हात उभा ठेवून वाट पाहणं त्यांच्यासाठी धोक्याचं आहे. सावलीतच थांबा आणि खुर्चीवर जुनं लुगडं घडी करून टाका.

रॅम्प होईपर्यंत कधी पायऱ्या चढवाव्या लागल्याच, तर बखोटीला धरून उचलू देऊ नका. भाऊ खुर्चीतच बसलेले राहू द्या. खुर्ची पाठमोरी करायची, म्हणजे मोठी चाकं पायरीला टेकतील. एक दणकट माणूस मागे वरच्या पायरीवर उभा राहून मुठी धरेल, दुसरा समोरून खुर्चीची चौकट धरेल. पाय ठेवायच्या पाट्या मात्र धरायच्या नाहीत, त्या निसटतात. एकेक पायरी, मोठी चाकं घासत वर. त्याआधी लघवीची पिशवी रिकामी करायची, नळी मांडीला पट्टीने बांधायची आणि पिशवी चढवेपर्यंत मांडीवर ठेवायची. वर पोचलं की ती पुन्हा खाली अडकवायची, कारण पिशवी मूत्राशयापेक्षा वर राहिली तर लघवी उलटी फिरते. नळीची जबाबदारी एका माणसाची, आणि तो माणूस तुम्ही. ज्याच्या हातात खुर्ची आहे त्याला नळीचं भान राहत नाही, मागच्या वेळी तेच झालं असावं.

आता इमारतीचं.

ताई, तुम्ही तक्रार म्हणता आणि तुमच्या डोळ्यांपुढे डॉक्टरांचा चेहरा येतो. पण ही इमारत डॉक्टरांची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेची असतात. पायऱ्या किती, उतार केवढा, हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने ठरवलेलं. वैद्यकीय अधिकाऱ्यांना साधी भिंत पाडायची तरी वरची मंजुरी लागते. (तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय असतं तर वाट वेगळी असती. ते राज्य सरकारचं, तिथे जिल्हा शल्य चिकित्सकांकडे जावं लागतं. पुष्कळांचे अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतात ते यामुळे.) म्हणजे तुमचा अर्ज डॉक्टरांविरुद्ध नाहीच. तो जिल्हा परिषदेकडे करायचा आहे आणि त्यात डॉक्टर तुमच्या बाजूने उभे राहू शकतात. खरं तर त्यांना तुमच्या अर्जाची गरज आहे. मागणीचा कागद नसेल तर ते वर काय दाखवणार?

हे मागताना संकोच नको, कारण तुम्ही मेहरबानी मागत नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम 2016 मधल्या कलम 25 प्रमाणे सरकारी असो की खासगी, रुग्णालयाच्या सगळ्या भागांत अडथळ्याविना जाता आलं पाहिजे आणि दिव्यांग व्यक्तीला तपासणीत व उपचारांत प्राधान्य मिळालं पाहिजे. 'सगळ्या भागांत' याचा अर्थ व्हरांड्यापर्यंत नव्हे. तपासणीची खोली, ड्रेसिंगची खोली, संडास, सगळं त्यात आलं. कलम 45 मध्ये जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुधारायला सांगितलं आहे, आणि ज्या इमारतींचा आराखडा सरकारने आणि स्थानिक संस्थांनी करायचा आहे त्यांत प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव थेट लिहिलेलं आहे. कायद्याचे नियम जून 2017 मध्ये आले. ती पाच वर्षं 2022 मध्येच भरली.

सर्वोच्च न्यायालयानेही 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना अडथळ्याविना वावरता येण्याचे, निकष नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. रतुरी स्वतः दृष्टिहीन आहेत. भाऊंसारख्या लाखो माणसांचा प्रश्न त्यांनी तिथवर नेला.

पण अर्जात कायद्याची कलमं भरून काढण्यापेक्षा मापं भरा, असं माझं मत आहे. 'रॅम्प नाही, करून द्यावा' एवढंच लिहिलं तर कागदोपत्री उत्तर येईल की रॅम्प आहे. तुमच्या दवाखान्याला तो आहेच. प्रश्न असा की तो वापरता येत नाही, आणि ते मापातूनच सिद्ध होतं.

हिशेब सोपा आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची, म्हणजे अठरा फूट लांब रॅम्प. तुमच्या पत्रावरून वाटतं की मागचा उतार पाच-सहा फुटांत संपत असेल. तो ऑक्सिजनचं सिलिंडर किंवा मोटरसायकल चढवायला केलेला असतो, त्यावरून खुर्ची उलटी घसरणारच. टेप घेऊन तीन गोष्टी मोजा: जमिनीपासून ओट्याची उंची, उताराची लांबी आणि वरच्या दाराची मोकळी रुंदी. रॅम्प चार फूट रुंद हवा, दोन्ही बाजूंना कठडा हवा, आणि चाक कडेवरून घसरू नये म्हणून खालून बारीक उंचवटा हवा. वर दारासमोर पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा पाहिजे, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे सरकते. दाराची मोकळी रुंदी तीन फूट.

यात आपल्या मातीचा एक भाग आहे, तो अर्जात आवर्जून लिहा. विदर्भातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. मूळ इमारतीचा पाया खोल असतो, पण रॅम्प मागाहून वरच्या वर जोडलेला असतो. दोन-तीन पावसाळे गेले की रॅम्प खचतो आणि ओट्याशी जिथे तो मिळतो तिथे दोन-तीन बोटांची फट आणि उंचवटा तयार होतो. चालणाऱ्याला ते जाणवतही नाही. खुर्चीची पुढची छोटी चाकं मात्र नेमकी तिथेच अडकतात आणि माणूस तोंडावर पुढे झोकला जातो. म्हणून काळी माती काढून मुरूम भरून, दाबून, मगच रॅम्प करावा, असं स्पष्ट मागायचं. वर गुळगुळीत फरशी नको, पावसात ती जीवघेणी. झाडू मारून खरबरीत केलेलं काँक्रीट स्वस्त आणि चांगलं. कठड्यावर शक्य तर पत्र्याची सावली मागा. आपल्या उन्हात स्टीलच्या पाइपाला हात लावून पाहिलेल्या माणसाला त्याचं कारण सांगावं लागणार नाही.

काही कामं मात्र पैशांविना होण्यासारखी आहेत आणि ती डॉक्टरांच्या हातात आहेत. त्यांच्यापासूनच सुरुवात करा. तुमचं पहिलं यश तिथे येईल आणि डॉक्टरांनाही तुम्ही भांडायला आला नाहीत हे दिसेल.

मागच्या गेटला कुलूप का, ते विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असतं, कुत्री आणि बकऱ्या आत येतात. मागच्या बाजूला बाळंतपणाची खोली असेल तर त्यांची काळजी खोटी नाही. मग कुलूप काढा म्हणू नका. चावी ओपीडीच्या वेळात कुणाकडे राहील ते ठरवा, गेटवर घंटी बसवा आणि एक मोबाइल नंबर रंगवून घ्या. रॅम्पच्या तोंडाशी मोटरसायकली लावत असतील तर तिथे पिवळा पट्टा ओढून घ्या. जाळीच्या गेटची खालची पट्टी वर आलेली असते, तिच्यावर दोन्हीकडून सिमेंटचा उतरता लेप दिला तर चाक जातं. गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि टेबल. रॅम्प झाला, दार उघडलं, भाऊ आत पोचले, तरी तपासणीचं टेबल त्यांच्या खुर्चीपेक्षा फूटभर तरी उंच असतं. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला तिथे पुन्हा उचलूनच टाकावं लागतं. रॅम्पचे फोटो सगळे काढतात, टेबलाकडे कुणी बघत नाही. आरोग्य केंद्रात भरतीसाठी पाच-सहा खाटा असतात आणि त्या टेबलाहून बऱ्याच बुटक्या असतात. त्यातली एक ड्रेसिंगच्या खोलीत, भिंतीला टेकवून, पडदा लावून ठेवता येते. खुर्ची खाटेला चिकटवून, ब्रेक लावून, बाजूचा हात काढता येत असेल तर काढून, भाऊ स्वतःच्या हातांवर सरकू शकतील. त्यासाठी खुर्ची वळवायला पाच फूट मोकळी जागा लागते, तेवढी खोली रिकामी करायची. तुमच्या जखमेचा प्रश्न या एका खाटेने सुटतो, ताई. पायऱ्यांचा प्रश्न सुटायच्या आधी ही खाट मागून घ्या.

संडासही बघून ठेवा. दारावर 'दिव्यांग' लिहिलेलं आणि आत फिनाइलचे कॅन नि मोडक्या खुर्च्या, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. तो रिकामा करायला सांगा. दार बाहेर उघडणारं हवं, म्हणजे आत कुणी पडलं तरी दार अडणार नाही.

पैशाची कामं रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवा. या समितीला दवाखान्याच्या सोयींसाठी दरवर्षी निधी असतो आणि वैद्यकीय अधिकारी तिचे सचिव असतात. छोटा कठडा, घंटी, खाट, पडदा, गेटची दुरुस्ती हे सगळं त्यातून होऊ शकतं. अठरा फुटांचा पक्का रॅम्प मात्र जिल्हा परिषदेने करायचा. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत, तिघांनाही स्वतःच्या उत्पन्नाचा 5 टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. पुष्कळ गावांत तो वर्षाअखेरीस वस्तू वाटून संपवतात. येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा, या वर्षीचा 5 टक्के निधी किती आणि कशावर खर्च होणार. ठरावात आरोग्य केंद्राचा रॅम्प घालून घ्या आणि ठरावाची प्रत अर्जाला जोडा. डॉक्टरांना हेही सांगा की कायाकल्प (सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेचा पुरस्कार) आणि गुणवत्ता मानांकनाच्या तपासणीत रॅम्प, कठडा आणि दिव्यांगांचा संडास पाहतात. त्यांना ते माहीत असतंच, पण गावाकडून मागणी आली की त्यांचाही जोर वाढतो.

अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. मापं, चार फोटो, ठराव. पहिल्याच ओळीत लिहा की वैद्यकीय अधिकारी आणि कर्मचारी सहकार्य करतात, अडचण इमारतीची आहे. ही ओळ तुमच्या मनावरचं ओझं उतरवेल आणि अर्ज तिसऱ्याच दिशेला जाणार नाही. पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह.

दोन महिन्यांत हालचाल दिसली नाही तर माहितीचा अधिकार वापरा. तो आरोग्य केंद्राकडे करू नका, तिथे उत्तर द्यायची पाळी त्याच डॉक्टरांवर येईल. जिल्हा परिषदेकडे करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. एवढंच विचारा: कलम 45 प्रमाणे जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांच्या सुगम्यतेचा आराखडा केव्हा केला, त्याची प्रत द्या, आणि आमच्या केंद्राचं काम त्यात कोणत्या वर्षी धरलं आहे. त्यानंतरही काही झालं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार पाठवा. टपालाने पाठवली तरी चालते, पुण्याला जायची गरज नाही. त्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. कायद्यात दंडही आहे, पण त्याची भाषा सुरुवातीला नको. आपल्याला रॅम्प हवा आहे.

आता भाऊंचं. तुमच्या पत्रातलं 'माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा' हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. दोन पोरांनी पोत्यासारखं उचललं, लोक बघत राहिले, नळीतून रक्त आलं, आणि त्या दिवसापासून धडधाकट मनाचा माणूस स्वतःलाच अडचण समजायला लागला. त्यांना समजावत बसू नका. टेप त्यांच्या हातात द्या. ओट्याची उंची आणि उताराची लांबी यांचा हिशेब त्यांनीच करावा, अर्जावर सही त्यांचीच असावी, आणि ग्रामसभेत बोलायचं ते त्यांनी बोलावं. कायद्याने हक्क त्यांचा आहे. तुम्ही शेजारी उभ्या राहा.

आणि ते एकटे नाहीत हे त्यांना दिसू द्या. तुमच्या पंचक्रोशीत गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या किती असतील? दिवस भरलेल्या बाया किती? आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, त्याने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा अडून हाड खचतं, आणि विशीतली पोरं लंगडत दवाखान्याची पायरी चढतात. सिकलसेल त्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत आहे, हे त्यांच्या घरच्यांनाही बहुधा माहीत नसेल. थ्रेशरमध्ये हात गेलेला कुणी असेल, लहानपणी पोलिओ झालेला कुणी असेल, कुष्ठरोगातून बरा झालेला पण तळपाय बधिर असलेला कुणी असेल. आशाताईंकडे या सगळ्यांची माहिती असते. भाऊंनी त्यांना फोन करावेत, अर्जावर त्यांच्याही सह्या-अंगठे घ्यावेत. एका घरासाठी रॅम्प होत नाही असं म्हणणाऱ्याचं तोंड तिथेच बंद होतं.

डॉक्टरांशी मात्र तुम्ही स्वतः बोला, ओपीडी संपल्यावर, दोन मिनिटं मागून. असं म्हणा: "साहेब, तुम्ही बाहेर येता म्हणून इतके दिवस निभावलं. पण यांची जखम झोपवून पाहावी लागेल. ड्रेसिंगच्या खोलीत एक बुटकी खाट लावता येईल का, आणि मागच्या गेटची चावी बुधवारी आमच्यासाठी काढून ठेवता येईल का?" वार तुमच्या सोयीने सांगा. चांगला माणूस या दोन गोष्टींना नाही म्हणणार नाही. रॅम्पचा अर्ज त्यांना दाखवूनच पुढे पाठवा.

मापं घेऊन झाली की मला कळवा: ओटा किती, उतार किती, दार किती. त्यावरून अर्जाचा मसुदा मी करून पाठवते. पण आशाताईंना फोन मात्र आजच करा.